परक्या आवाजातील हजेरी

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठी मजकडून एखादा लेख मागण्याचा प्रघात गेली कित्येक वर्षे चालत आला आहे. आणि मीही एखाद्या कवितेचे रसग्रहण अथवा सहलीचा वृत्तांत लिहून देऊन ती वेळ निभावून नेत आलो आहे. यंदा तसे करवेना. त्यास कारण दहावीच्या वर्गात मजला विचारला गेलेला एक प्रश्न होय.

एका रिकाम्या तासाला मी त्या वर्गावर गेलो, तेव्हा मुलांची चर्चा ऐन रंगात आली होती. दूरचित्रवाणीवर चाललेल्या कोणा गुप्तहेराच्या मालिकेविषयी ती होती. नायक घरी एक, कचेरीत दुसरा व शत्रूच्या गोटात तिसराच. पत्नीस त्याचे खरे काम ठाऊक नाही, सोबत्यांस त्याचे खरे नाव ठाऊक नाही, आणि शेवटी ज्याच्या गळ्यात गळा घालून तो हिंडला तो जिवलग मित्रच शत्रूला मिळालेला निघतो. मला पाहताच गलका थांबला, परंतु मागील बाकावरील एक मुलगा धीटपणे उभा राहून म्हणाला, "सर, नाव खोटं, घर खोटं, बोलणं खोटं. मग असा माणूस चांगला कसा?" देशकार्यासाठी सर्व काही क्षम्य असते, अशा अर्थाचे एक तयार उत्तर मी दिले. मुलगा खाली बसला. त्याचे समाधान झालेले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. मागील बाकावरून येणाऱ्या आवाजाचे मला तीस वर्षांपासून थोडे भय आहे. ते का, हे पुढे सांगावेच लागणार आहे.

माझे बालपण पुलगावात गेले. तुमच्यापैकी जे त्या बाजूचे आहेत त्यांस ठाऊक असेल की, तेथे सैन्याचे दारूगोळ्याचे मोठे भांडार आहे. त्याच्या कुंपणाच्या कडेने जाणारा रस्ता, त्यावरील मनाईचे फलक आणि पहारेकरी यांमुळे आम्हा मुलांच्या कल्पनाशक्तीस फार मोठे खाद्य मिळे. गावात कोणी अनोळखी फेरीवाला आला, कोणी बोहारीण भांड्यांची टोपली घेऊन दोन वेळा त्याच गल्लीतून गेली, की हा हेर असला पाहिजे असे आम्ही ठरवून टाकीत असू. बिचारा आर्वीकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीची वाट पाहत फलाटावर बसलेला एक प्रवासी आमच्या पाळतीस कंटाळून शेवटी हातातली छत्री उगारून आमच्या मागे धावला होता.

अशा भूमीत १९९४ साली 'चंद्रकांता' ही मालिका अवतरली. देवकीनंदन खत्री यांची १८८८ साली प्रसिद्ध झालेली ती हिंदी कादंबरी. तिच्यावरून नीरजा गुलेरी यांनी केलेली ही मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागत असे. तुम्हांस आज ती पाहिली तर कदाचित हसू येईल. परंतु तिच्यातील ऐयारांनी आम्हा मुलांना वेड लावले होते. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर. कमरेला झोळी, झोळीत बेशुद्ध करण्याची पूड, शुद्धीवर आणण्यासाठी हुंगवावयाचा लखलखा आणि रूप पालटण्याचे सारे साहित्य. तो घटकेत म्हातारी होई, घटकेत शत्रूचा सेनापती होई. नौगढचा तेजसिंग असा वेष पालटून खुद्द शत्रूच्या महालात जाऊन बसे. आणि विजयगढचा क्रूरसिंग? तो दिवाणाचा मुलगा. तो मात्र ज्या राज्याचे अन्न खाल्ले त्याच्यावरच उलटून चुनारच्या राजास जाऊन मिळतो. जाडजूड भुवयांचा तो क्रूरसिंग 'यक्कू' म्हणून ओरडला की त्या काळी गल्लीतील प्रत्येक पोरगा दिवसभर तसाच ओरडत फिरे.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही मालिका मी पाहिली नाही. मी ती ऐकली. रविवारी नऊ वाजता आमची शब्बाथ शाळा भरे, आणि तिच्या मागोमाग उपासना. आमच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हता. असता तरी त्या वेळी तो लावण्याची कोणाची छाती झाली नसती. माझा एक जिवलग सोबती होता. वर्गात माझ्या बाकावर, मंदिरात माझ्या बाकावर, नदीवर माझ्यासह. त्याच्या शेजारच्या घरी संच होता आणि त्या घरचे लोक मुलांना मोकळेपणाने आत घेत. आम्हा दोघांत असा करार झाला की, दोघेही गैरहजर राहिलो तर बिंग फुटणार. सबब एकाने मालिका पाहावी आणि दुसऱ्याने शब्बाथ शाळेत दोघांच्याही नावाची हजेरी द्यावी. पाहणारा सोमवारी शाळेच्या वाटेवर सर्व कथा सांगेल. नाणे उडवून पाळी ठरविली, आणि पहिली पाळी त्याची आली. परंतु तो गोष्ट इतकी उत्तम सांगे की, नंतर मी माझी पाळी मागितलीच नाही.

बाई चष्मा नाकावर घेऊन हजेरीपट वाचीत, मान वर करीत नसत. खोलीत चाळीस पोरे. स्वतःच्या नावाला मी पुढच्या रांगेतून "हजर, बाई" म्हणे. आणि त्याचे नाव येईपर्यंत हळूच मागील बाकापर्यंत सरकून, आवाज थोडा जाड करून, पुन्हा "हजर, बाई" म्हणे. एकदा त्याच खोलीत याकोबाची कथा शिकविली गेली. आंधळ्या बापापुढे थोरल्या भावाचे कपडे घालून, हातांना करडांची कातडी बांधून तो उभा राहतो, आणि बापाला आवाजाचा संशय येऊनही हातांचा स्पर्श त्याला फसवितो. माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखे झाले. पण सोमवारी माझ्या मित्राने चंद्रकांता तिलिस्मात कशी अडकली ते सांगितले, आणि मी याकोबाला विसरलो.

असो. आता थोडा वेळ मी पुलगाव सोडून वर्ध्यास येतो. कारण त्या मुलाच्या प्रश्नाचा मी जो पुढे विचार केला तो या जिल्ह्याच्या एका सुपुत्राकडे येऊन थांबला. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव तुमच्यापैकी किती जणांच्या कानांवरून गेले आहे, कोण जाणे. पालकवाडीच्या जागी १८६६ साली जिल्ह्याचे ठाणे वसविले गेले, ते हे आपले वर्धा. त्यानंतर अवघ्या १८ वर्षांनी, ७ नोव्हेंबर १८८४ रोजी, खानखोजे येथे जन्मले. टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण प्रथम जपान व तेथून अमेरिकेस गेला. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत त्याने शेतीशास्त्राचा अभ्यास केला. सॅन राफेल येथील लष्करी शाळेत कवायतही शिकला. पॅसिफिक किनाऱ्यावरील लाकूड-गिरण्यांतून व शेतांतून राबणाऱ्या हिंदी मजुरांत, विशेषतः पंजाबी शिखांत, स्वातंत्र्याची जी चळवळ उभी राहिली आणि १९१३ साली जिला 'गदर' हे नाव मिळाले, तिच्या संस्थापकांत हा वऱ्हाड-नागपूरकडील मराठी मुलगा होता.

आणि येथून त्यांचे नाव त्यांच्यापासून दूर जाऊ लागते. पहिले महायुद्ध सुरू होताच ते इस्तंबूलमार्गे इराणात शिरले. ब्रिटिश फौजेविरुद्ध तेथे जी धामधूम चालली होती तिच्यात ते मुसलमानी नाव व वेष घेऊन वावरले. त्यांचे बंगाली सहकारी प्रमथनाथ दत्त हे तर 'दाऊद अली' या नावानेच इतिहासात राहिले. कल्पना करा, की आईने ज्या नावाने हाक मारली ते नाव झोपेतही ओठांवर येऊ द्यावयाचे नाही. आपल्या भाषेत कोणी बोलत असेल तर मान वळवावयाची नाही. मराठीत स्वप्न पडले तर काय करीत असतील, असा प्रश्न मला कित्येकदा पडतो. हा काही रविवारचा एक तासाचा खेळ नव्हता. वर्षानुवर्षे चाललेले जिणे होते.

वेषांतर एकाच बाजूने चालले होते असे नव्हे. कॅनडातील व्हँकूवर येथे हॉपकिन्सन नावाचा अधिकारी होता. हिंदुस्थानातील पोलीस खात्यात काम करून तो तिकडे गेला होता. तो डोक्यास फेटा बांधून 'नारायणसिंग' या नावाने गरीब शीख मजूर बनून त्यांच्या वस्तीत वावरे, असे सांगतात. २१ ऑक्टोबर १९१४ रोजी मेवासिंग याने त्यास न्यायालयाच्या इमारतीतच गोळी घातली, आणि पुढील जानेवारीत मेवासिंग फासावर गेला. म्हणजे वर्ध्याचा ब्राह्मण मुसलमान झाला होता, गोरा अधिकारी शीख झाला होता, आणि दोघेही आपापल्या धन्याशी, आपापल्या निष्ठेशी प्रामाणिक होते. आपण कोणाच्या बाजूचे हा प्रश्न वेगळा. पण वेषाने त्यांना विश्वासघातकी केले नव्हते.

मग घात कोठून झाला? गदरच्या शेकडो लोकांनी हिंदुस्थानात परत येऊन लष्करी छावण्यांतून उठावाची तयारी केली होती. त्यांत विष्णू गणेश पिंगळे हा पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील तरुण होता. २१ फेब्रुवारी १९१५ हा दिवस ठरला. लाहोरच्या गुप्त घरात किरपालसिंग नावाचा एक माणूस येऊ-जाऊ लागला. त्याने दाढी लावली नव्हती, नाव पालटले नव्हते. तो फौजेतील एका शिपायाचा नातलग होता आणि त्या नात्याच्या बळावर आत शिरला. तो पोलिसांचा माणूस आहे असा संशय येताच उठावाची तारीख दोन दिवस अलीकडे ओढली गेली. परंतु तीही त्यानेच पोहोचविली. घरावर छापा पडला, पलटणींची शस्त्रे काढून घेतली गेली. पिंगळे निसटला, तरी छावण्या सोडीना. २३ मार्च रोजी मेरठला घोडदळाच्या वस्तीत बाँबच्या पेटीसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरात फाशी गेला. त्याच दिवशी कर्तारसिंग सराभा हाही गेला, ज्याचे वय वीस वर्षांचेही नव्हते.

पुण्यात यापूर्वी हेच घडले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस लावले, आणि चापेकरांविषयी बातमी दिली ती परिचयातल्याच द्रविड बंधूंनी. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी गेले. पुढे ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री पंजाबी वेषातील दोन इसम द्रविडांच्या दारी आले, पोलीस अधिकाऱ्याचे बोलावणे आहे म्हणाले आणि दोघा भावांना बाहेर काढून त्यांनी गोळ्या घातल्या. ते होते वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे. मी या कृत्याची थोरवी गात नाही. माणूस मारणे मला कोणत्याही वेषात रुचत नाही. पण त्या रात्रीचे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्यांनी घात केला ते आपल्याच घरी, आपल्याच नावाने बसले होते. आणि सूड घेणारे मात्र तोंड लपवून आले होते. गेथशेमाने बागेत यहूदा इस्कर्योत आला तोही वेष पालटून आला नव्हता. तो रोजच्याच चेहऱ्याने आला आणि रोजच्या ओळखीनेच जवळ गेला. अनोळखी मनुष्याला तेवढे जवळ येऊ कोणी दिले असते?

सेवाग्रामला आपण दरवर्षी सहल नेतो. आदी निवास आणि बापू कुटी पाहताना मुले विचारतात की, एवढ्या मोठ्या लढ्याची खलबते या कुडाच्या भिंतींआड कशी गुप्त राहिली? उत्तर असे की, ती गुप्त ठेवलीच जात नसत. ज्या ठरावातून 'छोडो भारत'ची चळवळ निघाली तो १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास झाला, आणि तो साऱ्या जगाने वाचला. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटून आल्यावर गांधींनी भूमिगत असलेल्या अरुणा असफअली यांना कौतुकासह असेच लिहिले की, लपणे सोडा आणि स्वतःला हवाली करा. त्यांनी ते मानले नाही, ही गोष्ट निराळी. एकाच जिल्ह्याच्या मातीत एकाने नाव पुसून देशसेवा केली व दुसऱ्याने पत्ता जाहीर करून. मला विचाराल तर मी दुसऱ्याच्या मार्गाने चालू इच्छितो. पण पहिल्यास खोटा म्हणण्याचे धैर्य मजजवळ नाही.

खानखोज्यांनी त्या पुसलेल्या नावाची किंमत पुरेपूर मोजली. युद्ध संपले, बर्लिन झाले, मॉस्को झाले. मायदेशी परतण्याचा मार्ग बंद होता. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत प्राध्यापक झाले. गहू आणि मका यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालविल्या. डिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर जे भाकरीच्या पंगतीचे चित्र रंगविले आहे, त्यात मध्यभागी बसून भाकरी वाटून देणारा पुरुष म्हणजे खानखोजे, असे मानले जाते. वर्ध्यात आपल्यापैकी कितीकांना त्यांचा चेहरा ओळखता येईल? तिकडे तो भिंतीवर आहे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, आणि त्यांनी परत येण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती प्रथम नाकारली गेली. कारण इंग्रजांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव अजून तेथेच होते. ज्या सरकारासाठी ते चाळीस वर्षे परके झाले त्याच्या कागदांतही ते परकेच होते. पुढे ती चूक सुधारली गेली. ते नागपुरास स्थायिक झाले व २२ जानेवारी १९६७ रोजी वारले. त्यांच्या कन्या सावित्री सहानी यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. २०२२ साली चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आपल्या लोकसभेचे अध्यक्ष त्यासाठी तेथे गेले होते.

आता मला पुलगावास परत गेले पाहिजे. या लेखात इतका वेळ मी मेक्सिको व मेरठ येथे का रेंगाळलो, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल.

नाताळापूर्वी शब्बाथ शाळेची बक्षिसे ठरत. पूर्ण उपस्थितीचे बक्षीस त्या वर्षी एक फाउंटन पेन होते. गडद हिरवे, सोनेरी टोपणाचे. हजेरीपटावर दोघांचीच उपस्थिती पूर्ण भरली: माझी आणि माझ्या मित्राची. त्याची अर्धी उपस्थिती माझीच होती, हे वेगळे. बाईंनी सांगितले की, दोघांपैकी ज्याला वचने अधिक पाठ येतील त्याला पेन मिळेल. माझ्या मित्राची स्मरणशक्ती कशी होती हे मजहून अधिक कोणाला ठाऊक असणार? सबंध 'चंद्रकांता' त्याने मला पात्रांच्या आवाजांसह सांगितली होती.

त्या शनिवारी सायंकाळी मी बाईंच्या घरी गेलो. कोणी मला धमकाविले नव्हते, कोणी विचारलेही नव्हते. मी म्हणालो, "बाई, तो कितीतरी रविवार येतच नाही. त्याच्या नावाला दुसराच कोणी हजर म्हणतो." बाईंनी चष्मा काढला. "कोण म्हणतो?" मी म्हणालो, "ठाऊक नाही, बाई. मागच्या बाकावरून आवाज येतो."

मागच्या बाकावर एक मुलगा बसे. तो नकला फार सुंदर करी. पाळकसाहेबांची, पोस्टमनची, खुद्द बाईंचीही. त्याचे नाव मी घेतले नाही. घेण्याची आवश्यकताच नव्हती, आणि ते मला बोलतानाच कळत होते.

माझ्या मित्राचे नाव यादीतून गेले. त्याच्या वडिलांनी त्याला मारले, आणि शेजारच्या घरी जाणे बंद झाले. नकलाकार मुलाला नाताळच्या नाटकातून काढले. त्याला मेंढपाळाचे काम मिळाले होते व त्याच्या आईने घोंगडीही आणून ठेवली होती. तो ओरडून सांगत होता की, मी नव्हतो. कोणी मानले नाही. ज्याला सर्वांचे आवाज काढता येतात त्याच्या स्वतःच्या आवाजावर विश्वास कोण ठेवणार? पेन मला मिळाले.

याहून वाईट भाग पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मित्र मला म्हणाला, "कोनं सांगतलं असन बे? तूच शोध लाव. तू तेजसिंग हायेस ना आपला." आणि मी तो शोध पत्करला! चार दिवस मी गंभीर तोंडाने मुलांना प्रश्न विचारीत हिंडलो, आणि पाचव्या दिवशी येऊन सांगितले की, काही थांगपत्ता लागत नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "जाऊ दे. तुले तरी पेन भेटलं, बरं झालं. दुसऱ्या कोनाले भेटलं असतं." इराणात दाऊद अली बनलेल्या दत्तांना आपले नाव उच्चारताना जेवढे सावध राहावे लागले असेल, तेवढाच सावध मी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलताना राहिलो, फरक इतकाच की, माझे नाव खरे होते.

गोष्टही तेथेच तुटली. चंद्रकांता तिलिस्मातून बाहेर पडली की नाही, हे मला पुढे महाविद्यालयात गेल्यावर खत्रींची कादंबरी वाचूनच कळले. ती वाचताना पानोपानी वाटे की, त्याने सांगितलेली याहून चांगली होती.

नकलाकार मुलाच्या वडिलांना बल्लारपूरला काम मिळाले आणि त्याच उन्हाळ्यात ते कुटुंब गाव सोडून गेले. मी पुढे दोन-तीनदा चौकशी केली. पत्ता लागला नाही. फार नेटाने केली, असेही म्हणता येत नाही.

माझा मित्र मात्र गेल्या जून महिन्यात मजसमोर उभा राहिला. आपल्याच शाळेच्या कचेरीत, हातात मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन. नोकरीनिमित्त बरीच वर्षे बाहेर राहून तो आता जिल्ह्यात परत आला आहे. केस पांढरे झाले आहेत, आवाज तोच. त्याने मुलीला पुढे केले आणि हसत म्हणाला, "बेटा, सरांना नमस्कार कर. हे तुझ्या बाबांसाठी आवाज बदलून हजेरी लावायचे. असा मित्र मिळायला नशीब लागतं." कारकून हसले, मुलगी हसली, मीही हसलो.

ती मुलगी आता माझ्या वर्गात आहे. रोज सकाळी मी तिचे नाव वाचतो आणि ती "हजर, सर" म्हणते. बापाचा आवाज तिच्यात थोडा आहे. हजेरीपटावरून मान वर केल्याशिवाय मी आता कोणाच्याही नावापुढे खूण करीत नाही; मुलांना वाटते, सर फार कडक आहेत.

संपादक महाशयांनी हा लेख वाचून मला विचारले की, असे काही छापणे शिक्षकाला शोभेल काय? मी म्हणालो की, गावे किंवा वर्षे बदलू नका. त्या मुलांची नावे मी मुळातच घातलेली नाहीत, आणि ज्याने ओळखावयाचे तो ओळखील. हा अंक स्नेहसंमेलनाच्या दिवशी पालकांच्या हाती पडतो. बहुतेक पालक प्रथम आपल्या पाल्याचे छायाचित्र शोधतात आणि मग कार्यक्रम सुरू होईपर्यंत मराठी विभाग चाळतात. माझा मित्र मात्र पहिल्या पानापासून वाचीत जाईल. लहानपणीही तो गोष्ट कधी मधूनच सुरू करीत नसे. मी मंडपाच्या डाव्या बाजूस, पाण्याच्या पिंपाजवळ उभा असेन. पेन माझ्या खिशात असेल. त्याची निब केव्हाच मोडली आहे, टोपणाचा सोनेरी रंग उडाला आहे, आणि या तीस वर्षांत मी त्याने एक ओळही लिहिलेली नाही.